उत्तरेच्या उजेडासाठी बांधलेले छत

शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट ही १८७९ साली स्थापन झालेली संस्था. मिशिगन अव्हेन्यूवरची तिची दगडी इमारत १८९३ मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी तिथे सर्वधर्म परिषद भरली. ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंदांचे गाजलेले भाषण झाले ते इथेच. दारातले ब्राँझचे दोन सिंह पुढच्या वर्षी आले.

इमारतीच्या पाठीला रेल्वेचे रूळ होते, त्यामुळे पूर्वेकडे वाढणे सोपे नव्हते. १९१६ मध्ये रुळांवर पुलासारखे दालन बांधून संग्रहालय पलीकडे पोचले. पुढे भर पडत गेली. सर्वांत मोठी भर मात्र २००९ च्या मे महिन्यातली: रेंझो पियानो या इटालियन वास्तुकाराची ‘मॉडर्न विंग’, २ लाख ६४ हजार चौरस फुटांची.

हिचे खरे काम छतावर चालते. चित्राला उजेड हवा, पण थेट ऊन नको. उन्हाने रंग उडतात. शिकागोत भर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. म्हणून पियानोने काचेच्या छतावर, बारीक पोलादी खांबांच्या आधाराने, ॲल्युमिनियमच्या पात्यांचे दुसरे छत तरंगत ठेवले. पाती अशी कललेली की दक्षिणेचे ऊन अडते आणि उत्तरेचा मऊ उजेड खाली झिरपतो. चित्रकार स्टुडिओला उत्तरेची खिडकी शोधतो ती याच उजेडासाठी. बाहेर ढग आला की तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीही किंचित मंदावतात. पिकासोच्या ‘ओल्ड गिटारिस्ट’मधला निळा रंग अशा उजेडात पाहावा, दिव्याखाली तो इतका बोलत नाही. पियानो या छताला ‘उडता गालिचा’ म्हणत.

समोरच्या मिलेनियम पार्कमधून ६२० फूट लांबीचा पादचारी पूल चढत थेट तिसऱ्या मजल्यावर येतो. संग्रहालय बागेशी असे जोडले गेले, हे या विस्ताराचे मोठेच यश आहे.

जुन्या इमारतीलाही पुढच्याच वर्षी एक वेगळा उजेड मिळाला. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी तिथल्या भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर विवेकानंदांचे ते भाषण एलईडी दिव्यांच्या अक्षरांत मांडले. अमेरिकी सरकार दहशतवादाच्या धोक्याची पातळी ज्या पाच रंगांत सांगत असे, तेच रंग त्या अक्षरांचे. ‘पब्लिक नोटीस ३’ ही ती कलाकृती ११ सप्टेंबर २०१० ला खुली झाली. ती वाचण्यासाठी पायरी पायरी चढत वर जावे लागे.