कांदळवनातील संथ सफर

कयाक ही एक किंवा दोन माणसे बसतील अशी अरुंद, हलकी होडी होय. दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालवतात. मूळची ती आर्क्टिक प्रदेशातील इनुइट शिकाऱ्यांची. आज अंदमानातील स्वराजद्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) या बेटावर पर्यटक तिच्यातून कांदळवने पाहतात. ही सफर संथ असते. परंतु तो संथपणा आपोआप येत नाही, तो आधी आखावा लागतो.

आखणीचा पहिला आधार म्हणजे भरती-ओहोटी. एका भरतीनंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी दुसरी भरती येते. म्हणून तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील कोळी तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. मात्र तोच हिशेब प्रत्येक किनाऱ्याला लागू पडत नाही. त्यासाठी त्या-त्या ठिकाणचे भरतीचे कोष्टक पाहावे. भरती पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधी निघाल्यास चढते पाणी होडीला खाडीत नेते आणि उतरते पाणी परत आणते. परतण्यास फार उशीर झाला, तर होड्या चिखलात रुततात.

दुसरा आधार सूर्यप्रकाशाचा. अंदमान भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे साडेदहा अंश पूर्वेस आहे. डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून दुपारची सफर चारपर्यंत संपावी.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा आधार म्हणजे माणसे. सफरीचे अंतर सर्वांत थकलेल्या व्यक्तीच्या बळावरून ठरवावे, सर्वांत उत्साही व्यक्तीच्या नव्हे. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. नवशिक्याला अनुभवी सोबत्याबरोबर बसवावे. एक मार्गदर्शक पुढे असावा व दुसरा शेवटी.

या खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगरींचाही वावर असतो. २०१० मध्ये याच बेटाच्या किनाऱ्याजवळ मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. त्यामुळे निघण्यापूर्वी वनखात्याची सूचना विचारावी आणि हात पाण्यात सोडू नयेत.

एवढे करूनही वारा वाढला किंवा मगर दिसल्याची वार्ता आली, तर मार्गदर्शकाने ‘आज जायचे नाही’ असे स्पष्ट सांगावे. पर्यटक हिरमुसतील, त्या दिवसाची मिळकतही बुडेल. तरीही हा नकार आखणीचाच एक भाग आहे. पाण्याचे वेळापत्रक माणसाच्या सोयीने बदलत नाही. माणसानेच आपली सोय त्यानुसार बदलायची असते.