गाडीतील ऑडिओ वायर वाढवावी का?

कापडाच्या ताग्यात जोड निघाला की भाव उतरतो, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक. वायरीचे तसे नाही. डिकीत अ‍ॅम्प्लिफायर बसवताना सिग्नलची वायर आखूड पडली, म्हणून व्यापारी बंधूंनी महागडी नवी वायर घेण्याची घाई करू नये. चार-पाच मीटरमध्ये कानाला कळेल इतका फरक पडत नाही. आवाज बिघडतो तो कच्च्या जोडाने. वाढीव तुकडाही जाळीच्या आवरणाचाच हवा. आवरणाला आवरण जोडून सोल्डर करावे, नुसती चिकटपट्टी नको. आमच्या वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे तांबे लवकर खराब होते. बॅटरीची वायर एका बाजूने, ही दुसऱ्या बाजूने न्यावी. एक्सिलरेटरबरोबर स्पीकरमधली शिटी चढत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा. कारागिराकडून आधी तेच तपासून घ्यावे.