मालगुडीचा स्वामी आणि लांबवलेले मोठेपण

आर. के. नारायण यांचा स्वामीनाथन दहा वर्षांचा आहे आणि त्याला मोठे व्हायची अजिबात घाई नाही. १९३० साली बंगळुरूला आजीकडे असताना, आजीनेच काढून दिलेल्या शुभ दिवशी, नारायण यांनी वही विकत आणून ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी लिहायला घेतली. मालगुडी गाव आणि त्याचे छोटे रेल्वे स्टेशन त्यांना त्याच वेळी सुचले. ग्रॅहम ग्रीन यांच्या खटपटीने १९३५ मध्ये लंडनला ती प्रसिद्ध झाली.

स्वामी मोठेपणाविरुद्ध बंड पुकारत नाही. मोठ्यांचे हिशेबच त्याच्या डोक्यात शिरत नाहीत. वडील त्याला गणित घालतात: रामाला दहा आंब्यांचे पंधरा आणे हवेत, कृष्णाला चारच आंबे हवेत, तर कृष्णाने किती द्यायचे? स्वामीला प्रश्न पडतो, आंबे पिकलेले होते की कच्चे? वडील वकील, त्यांना उत्तर हवे असते आणि मुलाला आंबा दिसत असतो. परीक्षा जवळ आली की स्वामी अभ्यासाआधी कागद, निबा, टाचण्या यांची यादी करतो. जबाबदारी आली की तिचा खेळ करून ती लांबवायची, ही त्याची रीत.

पण बाहेरचे जग थांबत नाही. स्वातंत्र्यचळवळीतल्या एका हरताळाच्या दिवशी तो जमावात सामील होऊन शाळेच्या काचा फोडतो. त्यामुळे अल्बर्ट मिशन शाळा सुटते आणि तो बोर्ड हायस्कुलात जातो. तिथे क्रिकेटच्या सरावासाठी कवायत चुकवल्यावर मुख्याध्यापक छडी उगारतात. स्वामी ती हिसकावून खिडकीबाहेर फेकतो आणि घर सोडून पळतो. रात्री जंगलात वाट चुकलेला हा मुलगा भीतीने गारठतो, तेव्हा त्याला घर आठवते, आजी आठवते. तो सापडतो, परत येतो, पण तोवर ज्याच्यासाठी सराव चालला होता तो क्रिकेटचा सामना होऊन गेलेला असतो आणि त्याचा मित्र, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा राजम, त्याच्याशी बोलणे टाकतो.

कुमारवयाचे खरे दुखणे नारायण यांनी इथे पकडले आहे. छडीने स्वामी मोठा झाला नाही, मैत्री तुटल्याने त्याला मोठे व्हावे लागते. मराठीत मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तला नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात असाच वर्गाच्या चार भिंतींतून बाहेर ढकलला जातो. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपनही याच जातकुळीतला.

शंकर नाग यांच्या १९८६ च्या ‘मालगुडी डेज’ मालिकेने स्वामीला घराघरांत पोचवले. 

कादंबरीच्या शेवटी राजमच्या वडिलांची बदली होते. स्टेशनवर स्वामी त्याच्यासाठी अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक घेऊन येतो. गाडी सुटते तेव्हा ते दोघांचा मित्र मणी याला धावत जाऊन राजमच्या हाती द्यावे लागते. राजम पत्र लिहील ना, असे स्वामी विचारतो. मणी लिहील म्हणतो, पण तो खरे बोलतो आहे का, हे त्याच्या चेहऱ्यावरून स्वामीला कळत नाही.