रक्तदात्याची तपासणी : फॉर्मवरची एक खूण विसरू नका

वस्तीत रक्तदान शिबिर भरले की फॉर्म भरून घेण्याचे काम आमच्याकडे असते. एक प्रश्न हमखास येतो : "भाऊ, रक्त दिले की आमची सगळी तपासणी होते ना?" सगळी होत नाही. पण जी होते ती मोलाची आहे आणि ती फुकट होते. म्हणून ती समजून घेऊ या.

रक्त घेण्याआधी वय, वजन, नाडी, रक्तदाब पाहतात. वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो लागते. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. बऱ्याच शिबिरांत बोटाचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला तर रक्त पुरेसे, तरंगला तर कमी.

येथेच आपल्या कितीतरी भगिनी परत फिरतात आणि हिरमुसतात. यात लाज कसली? धुणीभांडी, कारखाना, घर सांभाळताना येणारी धाप आणि चक्कर आपण 'कामाचा शीण' म्हणून अंगावर काढतो. तो रक्तक्षय असू शकतो. परत पाठवलेल्या भगिनीने त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठावा.

दुसरी तपासणी रक्तपेढीत होते. रक्तगट ठरवतात आणि प्रत्येक पिशवी पाच रोगांसाठी तपासतात : एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस व हिवताप. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यातून कळेलच असे नाही.

आता महत्त्वाचे. फॉर्मवर विचारलेले असते : तपासणीत दोष आढळल्यास आपणांस कळवावे काय? घाईत हा रकाना कोराच राहतो. तेथे 'होय' अशी खूण करा. पत्ता व फोन नंबर आजचा लिहा. भाड्याची खोली बदललेल्या माणसापर्यंत निरोप पोचणार कसा? बोलावणे आले तर टाळू नका. पहिली चाचणी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, पुन्हा खात्री केली जाते. एचआयव्हीची औषधे २००४ पासून आणि कावीळ बी व सीची औषधे २०१८ पासून सरकारी योजनेतून मोफत आहेत. कावीळ सी तर गोळ्यांनी बरी होते.

मात्र केवळ एचआयव्ही आहे की नाही हे पाहण्यासाठी रक्तदान कोणीही करू नये. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती चाचणीत दिसत नाही, आणि तेच रक्त एखाद्या बाळंतिणीला चढू शकते. शंका असल्यास सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तेथे चाचणी मोफत होते व नाव गुप्त राहते.

प्रकृती ठीक असेल तर पुरुषांनी तीन महिन्यांनी व स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा रक्त देण्यास हरकत नाही. पोटभर जेवून या आणि फॉर्म स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीला सोबत आणा आणि तिच्याकडून वाचून घ्या.