आष्टी–चिमूर उठाव
आष्टी–चिमूर उठाव : (१६ ऑगस्ट १९४२). ‘छोडो भारत’ आंदोलनात वर्धा जिल्ह्यातील आष्टी व तत्कालीन चांदा (विद्यमान चंद्रपूर) जिल्ह्यातील चिमूर येथे एकाच दिवशी झालेले लोकउठाव. दोन्ही गावांत सु. दीडशे किमी. अंतर असल्याने या एकदिवसीयतेमागे पूर्वनियोजित कट असावा, असा समज सहज होतो. तथापि तिची कारणे अन्यत्र आहेत. आंदोलनाचा मूळ ठराव काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथेच १४ जुलै १९४२ रोजी संमत केला होता. मुंबईत ९ ऑगस्टला नेत्यांची धरपकड झाली आणि तेथून परतलेल्या कार्यकर्त्यांकरवी ते वृत्त सप्ताहाभरात खेडोपाडी पोहोचले. १६ तारखेस रविवार व नागपंचमी असे दोन्ही योग आले. शेतीची कामे सणामुळे बंद होती व माणसे गावातच होती. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी दोन्ही परिसर आधीच भारले गेले होते.

आष्टी येथे पोलीस ठाण्यावर तिरंगा लावण्यासाठी गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. त्यात डॉ. गोविंद मालपे, रशीद खान इ. हुतात्मे झाले. प्रक्षुब्ध जमावाने एक फौजदार व चार शिपाई ठार केले. चिमूर येथे बालाजी रायपूरकर हा मुलगा गोळीला बळी पडला; तेथेही सरकारी अधिकारी मारले गेले. आंदोलन अहिंसक म्हणून पुकारले होते, हे येथे विसरता येत नाही.

नंतर चिमूरमध्ये लष्कराने स्त्रियांवर केलेले अत्याचार मात्र जमावाच्या कृत्यांनी समर्थनीय ठरत नाहीत. त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातील जयकृष्ण भणसाळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींच्या सुटकेसाठी अनसूयाबाई काळे यांनी अथक प्रयत्न केले व १९४५ मध्ये त्या शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित झाल्या.

जातीय निवाडा (१९३२) व कलकत्त्याचा ‘प्रत्यक्ष कृती दिन’ (१९४६) हेही १६ ऑगस्टचेच. परंतु त्यांचा या उठावांशी दिनसाम्यापलीकडे संबंध नाही. चांद्र तिथी व इंग्रजी तारीख यांचा मेळ साधारणतः १९ वर्षांनी पुन्हा बसतो. आष्टी येथे हुतात्म्यांचे स्मरण नागपंचमीस, तर चिमूर येथे १६ ऑगस्टला करतात. त्यामुळे एकाच दिवशी घडलेल्या या घटनांचे स्मृतिदिन बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतात.