जुन्या ट्रॅक्टरला टर्बो : ताकद कुठून येते, भार कुठे पडतो?

चेन्नईत नुंगंबाक्कम हाय रोडवर टॅफे कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ती सुरू झाली आणि तिचे लाल ट्रॅक्टर गावोगावी पोचले. त्याच कुळातला जुना मॅसी फर्ग्युसन ३५ घेऊन आपण एक हिशेब मांडू.

युरोप-अमेरिकेत ट्रॅक्टरच्या ओढ-स्पर्धा होतात. ट्रॅक्टरमागे वजनाची घसरगाडी जोडतात. गाडी पुढे जाईल तशी तिच्यावरची वजनपेटी ट्रॅक्टरच्या दिशेने सरकते आणि ओढ जड होत जाते. १०० मीटर पार झाले की पूर्ण ओढ. त्यासाठी काही जण जुन्या इंजिनाला टर्बो बसवतात.

या ट्रॅक्टरचे पर्किन्स डिझेल इंजिन तीन सिलिंडरचे, सुमारे २.५ लिटरचे आणि ३७ एचपीचे. मिनिटाला २००० फेऱ्यांवर ते साधारण २५०० लिटर हवा ओढते. हवा जितकी, तितकेच डिझेल नीट जळते. जास्त डिझेल सोडले तर नुसता काळा धूर. टर्बोत धुराड्याकडे जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

दाब दुप्पट केला म्हणजे हवा दुप्पट झाली का? नाही. दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा सुमारे १२५ अंशांवर जाते आणि प्रत्यक्षात दीडपटच भरते. मध्ये इंटरकूलर बसवून ती ६० अंशांवर आणली, तर सुमारे १.८ पट.

आता डिझेल पंपही वाढवावा लागतो. मग पिस्टन, हेड गॅस्केट, क्लच आणि गिअर या सर्वांवर मूळ आराखड्यात नसलेला भार येतो. सर्वांत कच्चा भाग आधी तुटतो. चेन्नईजवळ आवडीला बनणाऱ्या अर्जुन रणगाड्याच्या १४०० एचपी इंजिनालाही टर्बो आहे. पण त्याचा प्रत्येक भाग तेवढ्या भारासाठीच आखलेला आहे.

सर्वांत मोठा धोका चालकाला. साखळी मागच्या आसापेक्षा उंच अडकवली आणि ताकद एकदम दिली, तर ट्रॅक्टर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणून स्पर्धेत मागे आधारदांडे लावतात आणि घसरगाडी सुटताच इंजिन बंद करणारी दोरी बांधतात. पंजाबात ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रॅक्टरच्या कसरतीत एका तरुणाचा जीव गेल्यावर सरकारने अशा कसरतींवर बंदी घातली.

कॅडेट मित्रांनो, शेतात राबणाऱ्या ट्रॅक्टरवर हा प्रयोग करू नका. सुट्टीत घरी गेलात, की रुतलेली ट्रॉली ओढण्यापूर्वी साखळी कुठे अडकवली आहे ते मात्र जरूर पाहा.