घाट कुणी शिकवायचा?

पहाटे 3:30, चाकण

फोन सुपरवायझरचा. "उठलास का? दोनचा कट-ऑफ आहे. चुकला तर भाडं तुझ्या हिशोबातून जाईल." निर्यातीच्या कंटेनरला जहाजाची वेळ असते. त्या वेळेआधी तो न्हावा-शेवा बंदराच्या गेटातून आत गेला पाहिजे. माल भरून झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि गेटपासात आणखी तास गेला. उरलेली झोप कंपनीबाहेर रस्त्याच्या कडेला, केबिनमधल्या फळीवर.

बॅटरी घेऊन खाली उतरतो. कंटेनरच्या चारही कोपऱ्यांचे लॉक बसलेत का, सीलचा नंबर कागदाशी जुळतो का, घोडा (पुढची ओढणारी गाडी) आणि ट्रेलर यांच्यामधले हवेचे पाइप कुठं घासत नाहीत ना, हे पाहायचं. टायरांवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकायचा. हवा भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला बद्द वाजतो. मग इंजिन चालू करून हवेचा काटा वर चढेपर्यंत थांबायचं, कारण ब्रेक हवेवर चालतात. हे सगळं मला उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या शेजारी बसून मी शिकायचं ठरलं होतं त्या जुन्या ड्रायव्हरनी, दाखवलं. ऑफिसनं हातात दिलं ते एवढंच: किल्ली, डिझेलचं कार्ड आणि मोबाइलमधलं ॲप.

पहाटे 4:15, चाकण-तळेगाव रस्ता

या वेळी रस्ता मोकळा असतो, पण खड्डे असतातच. चाळीस फुटी कंटेनर मागं असला की घोडा खड्डा चुकवतो आणि ट्रेलर त्यातच जातो. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून येतात. आरशात तिकडं बघत बघत वळायचं असतं, नाहीतर कडेला उभा असलेला दुचाकीवाला सापडतो.

कामावर घेताना शेठ म्हणाले होते, "तीन महिने उस्तादाच्या शेजारी बस. मग सहा महिने छोटी गाडी, लोकल लाइन. हात बसला की ट्रेलर. पगार फिक्स, भत्ता वेगळा, पीएफ भरणार, पंधरा दिवसांनी घरी." या शब्दावर मी पाथर्डीहून निघालो. आईवडिलांच्या हातातला ऊसतोडीचा कोयता सुटावा म्हणून घरात कुणीतरी दुसरं काम धरायला हवं होतं. आठवडा पुरता व्हायच्या आत एका गाडीचा ड्रायव्हर सोडून गेला. गाडी उभी राहिली तर हप्ता थकतो, म्हणून तिची किल्ली माझ्याकडं आली. छोटी गाडी आलीच नाही.

ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढताना कायदा काय मागतो ते मी नीट वाचलं होतं. आधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स हवं. मग मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला हवा, आणि त्या शिक्षणात किमान 30 दिवस आणि 15 तास प्रत्यक्ष गाडी चालवणं धरलेलं आहे. स्कूलमध्ये पैसे भरले आणि तासांबद्दल विचारलं. "पुढं लाइनवर शिकशील," असं उत्तर मिळालं. त्यांच्याकडं एक जुना आखूड ट्रक होता, ट्रेलर नव्हताच. भरलेली गाडी, घाट, रात्र, पाऊस यांतलं काहीच त्या मैदानावर नव्हतं. कागदावर मात्र सगळे तास भरलेले होते. स्कूल म्हणतं लाइनवर शिक, आणि लाइन म्हणते लायसन्स आहे की.

पहाटे 5:00, उर्से

टोलनाक्याच्या अलीकडं चहा घेतो. पोटभर खात नाही, कारण पुढं घाट आहे आणि जडावलेले डोळे नकोत.

उस्ताद क्लीनर म्हणून लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटलेलं नव्हतं. काच पुसणं, ताडपत्री बांधणं, चाक बदलणं, मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत गाडी लावून घेणं, अशी काही वर्षं गेली. मग रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ स्टिअरिंग. त्या शिक्षणात मार होता, शिव्या होत्या, पगार जवळजवळ नव्हता. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट खरी आहे: हातात गाडी येईपर्यंत उस्तादांनी बोरघाट शेकडो वेळा शेजारच्या सीटवरून पाहिला होता.

आता ती सीट रिकामी आहे. क्लीनरचा पगार आणि खुराकी वाचते म्हणून मालकांनी क्लीनर बंद केले. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत असा नियम होता, तोही 2018 मध्ये फास्टॅग आणि ट्रॅकर लावलेल्या गाड्यांसाठी गेला. ट्रॅकर गाडी कुठं आहे ते सांगतो. ती कशी चालवायची हे कोण सांगणार? या धंद्याची जी एकमेव शाळा होती ती मोडली आणि तिच्या जागी दुसरी उभी केली नाही. माझ्या तक्रारीचं मूळ इथं आहे.

पहाटे 5:50, बोरघाट

लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी. मधल्या थोड्या किलोमीटरांत एवढी उंची उतरायची, पाठीवर माल घेऊन.

उस्तादांनी कामाच्या पहिल्या आठवड्यात मला एकदाच घाट दाखवला. गाडी ते चालवत होते, मी बघत होतो. "पोरा, पाय ब्रेकवर नाय, डोकं गिअरवर ठेवायचं. ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतरायचं." उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणायचा, कारण एकदा गाडीनं वेग घेतला की खालचा गिअर पडत नाही. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबायचं, गाडी इंजिनानं धरून ठेवायची. पायातला ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबून सोडायचा. पाय सतत टेकवून ठेवला की ड्रम तापतो, फुगतो, लायनर चकाकतात आणि मग पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही.

खंडाळ्याच्या पुढं डावी लेन धरून चौथ्यात उतरतो. मागचा ट्रक दिवे मारतो, हॉर्न देतो आणि शेवटी उजवीकडून पुढं काढतो. त्याच्या मागच्या चाकांतून धूर निघतोय आणि जळक्या लायनरचा वास माझ्या केबिनमध्ये येतो. तो न्यूट्रलवर आहे हे आवाजावरून कळतं.

न्यूट्रल का मारतात? ॲव्हरेजसाठी. ऑफिसनं ठरवलेल्या डिझेलपेक्षा जास्त लागलं तर पैसे ड्रायव्हरच्या हिशोबातून कापतात, म्हणून उतारावर गाडी मोकळी सोडायची सवय लागते. काही जण तर इंजिनही बंद करतात. मग हवेचा कंप्रेसर थांबतो, ब्रेकची हवा कमी होत जाते, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की न्यूट्रलनं या गाड्यांत डिझेल वाचतही नाही. माझी गाडी बीएस-6 आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाचं डिझेल आपोआप तोडलं जातं. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. एवढी एक गोष्ट प्रत्येक ट्रान्सपोर्टनं अर्ध्या तासात समजावून सांगितली तरी कितीतरी घाटांतले जीव वाचतील. मला ती सुट्टीच्या दिवशी गॅरेजच्या मेकॅनिकनं सांगितली.

पुण्यातल्या नवले पुलाचा उतार सगळ्यांना माहीत आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका अवजड गाडीनं अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद केल्याची गोष्ट तेव्हा तपासात पुढं आली होती. अशा वेळी बातमीत ड्रायव्हर येतो. त्याला उतरायला कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न बातमीत येत नाही.

सकाळी 8:00, पळस्पे फाटा

पायथ्याला गाडी बाजूला घेऊन चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहिला होता. गरम होते, पण भाजत नव्हते. इथं अंघोळ, दोन पोळ्या, भाजी. ट्रेलर लावता येईल अशी जागा मिळाली तर ढाबा निवडायचा, चवीचा विचार नंतर.

सकाळी 9:45, करळ फाट्याच्या पुढं

जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झालं. देशाच्या प्रमुख बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरांपैकी निम्म्याच्या आसपास इथून जातात. ते सगळे असेच कुणाच्या तरी चाकांवर येतात. फॉर्म-13, म्हणजे बंदरात आत जायचा कागद, अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय गेट उघडत नाही. सुपरवायझर म्हणतो एजंटला विचार, एजंट म्हणतो कस्टम्सचं काम चालू आहे. रांगेत गाडी सोडून जाता येत नाही आणि झोपताही येत नाही, कारण पुढची गाडी दहा फूट सरकली की मागचे हॉर्न सुरू.

केबिन तापते. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. माझी गाडी त्याआधीची. थांबण्याचे पैसे वेगळे मिळतील असं ठरलं होतं. विचारलं तर "पार्टीनं दिले की देऊ" म्हणतात.

दुपारी 1:20, बंदराच्या आत

वेळेत पोचलो. क्रेनखाली जाण्याआधी चारही लॉक सोडायचे असतात. एक जरी अडकला तरी कंटेनरबरोबर ट्रेलर आणि घोडाही उचलला जातो, आत ड्रायव्हर असला तरी. हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं? रांगेतल्या बिहारच्या एका ड्रायव्हरनं. मी नवा आहे हे ओळखून तो खाली उतरला आणि चारही कोपरे फिरून दाखवले. "भैया, ये पहले देखो, बाकी सब बाद में." लाइनवर शिकायला मिळतं ते असं, कुणाच्या तरी चांगुलपणावर. पण कामाचं शिक्षण असं नशिबावर सोडायचं नसतं.

दुपारी 3:30, रिकाम्या कंटेनरचं यार्ड

आता पहाटेपासून बारा तास झाले. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा, 2025 पर्यंत तो लागू होता. पाच किंवा जास्त कामगार असलेले वाहतूक व्यवसाय त्यात येत होते. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला 48 तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून सगळा दिवस बारा तासांत बसला पाहिजे, असं त्यात होतं. माझ्या शेठकडं पाचहून कितीतरी जास्त माणसं आहेत.

सुपरवायझरचा निरोप येतो: रिकामा कंटेनर उचल, रात्री वर ये, सकाळी सहाला चाकणमध्ये लावायचाय.

संध्याकाळी 5:30, कळंबोली

मागच्या महिन्याचा हिशोब मोबाइलवर आलाय. फिक्स पगाराचा कॉलमच नाही, सगळं ट्रिपवर. ॲव्हरेजची कपात आहे, गाडीला लागणाऱ्या युरियाच्या बादल्या माझ्या नावावर टाकल्यात, रांगेतल्या थांबण्याचे शून्य. पीएफचा नंबर मागितला तर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच कळतं.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते न दिलेलं शिक्षण. पैसे उशिरा मिळाले तर घर ओढाताण करून चालतं. घाटात जे माहीत नव्हतं ते उशिरा कळून उपयोग नसतो.

भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, 1967 पासून. ड्रायव्हरांना शिकवण्याची सोय तिथं आहे. मी जिथं माल भरतो तिथून ती जवळ आहे. 2021 पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जड वाहनांचा 38 तासांचा अभ्यासक्रमही सरकारनं ठरवून दिलाय. एसटीत भरती झालेल्या चालकाला प्रशिक्षण दिल्याशिवाय प्रवाशांची गाडी देत नाहीत. म्हणजे शिकवायचं कसं हे या राज्याला माहीत आहे. मालाच्या गाडीच्या पुढंमागंही माणसंच चालतात. मग तिच्या ड्रायव्हरला त्या दारापर्यंत कुणी का नेत नाही?

संध्याकाळी 7:00

घरी फोन. आई विचारते, "जेवलास का? कधी येतोस?" पंधरा दिवसांचा वायदा तिलाही सांगितला होता, त्यामुळं ती आता तारीख विचारत नाही. "नीट जा रे बाबा, झोप आली तर थांब," एवढंच म्हणते. हे वाक्य मला ऑफिसातून एकदा ऐकायचंय.

मग उस्तादांना फोन केला, घाटात शेजारी बसाल का विचारलं. ते म्हणाले, "मी बसतो तुझ्या शेजारी, पण माझी गाडी उभी राहील त्याचं शेठनं बघावं. आणि हे तोंडी नको, लिहून माग."

रात्री 8:15

शेठना व्हॉट्सॲपवर लिहिलं:

"नमस्कार शेठ. सकाळपासून बारा तासांपेक्षा जास्त झालेत, म्हणून आज रात्री घाट चढणार नाही. पहाटे निघून कंटेनर पोचवतो. पावसाळ्याआधी भरलेल्या गाडीवर चार फेऱ्या उस्तादांना माझ्या शेजारी बसवा. गाडी मी चालवेन. त्या दिवसांचा पगार दोघांना मिळावा. घाटाच्या ट्रिपला ॲव्हरेजची कपात लावू नये. कामावर घेताना जे ठरलं ते कागदावर द्यावं. नव्या मुलांनाही हेच लागू करावं."

पाठवण्याआधी यार्डात भेटलेल्या आमच्याच ट्रान्सपोर्टच्या दोघा ड्रायव्हरांना वाचून दाखवलं. दोघंही आपापल्या नंबरवरून हाच मजकूर पाठवायला तयार झाले. एकट्याला बदलून दुसरा आणता येतो, तिघांच्या गाड्या एकदम उभ्या राहिल्या तर बोलावं लागतं.

रात्री 9:00

उत्तर आलं: "सकाळी ऑफिसला या, बोलू." तिघांनाही आलं.

बोलायचं काय ते ठरलंय. चार फेऱ्यांचं डिझेल आणि दोन माणसांचा पगार एका बाजूला मांडायचा. दुसऱ्या बाजूला एक जळालेला ब्रेक, एक उलटलेला कंटेनर, आणि पुढच्या गाडीतलं एक कुटुंब. ट्रक चालवायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ऐकू येते. आम्हाला शिकवा आणि दिलेला शब्द पाळा. माणसं येतील आणि टिकतीलही.